एका चुलीला एक जोडी

वडीगोद्रीला महामार्गाच्या कडेला टायरवाला, रसवंती आणि खताचं दुकान ओलांडलं की दुर्गाबाईंचा आवा, मडकी भाजायची भट्टी, लागतो. माठ, पणत्या, कुंड्या तिथे बारा महिने मिळतात आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, तिथे गाड्यांची अशी रांग लागते, की नवख्याला वाटावं, कुणी पुढारी मुक्कामाला आलाय. लोक आलेले असतात मातीचे बैल घ्यायला.

मातीचे बैल तसे पोळ्याच्या बाजारात ढिगाने पडलेले असतात. सगळे एका तोंडाचे, एका रंगाचे, एकाच गायीने एका रात्रीत दिल्यासारखे. दुर्गाबाईंचं काम निराळं. त्या दरसाल गावातली एक खरी जोडी निवडायच्या, तिच्या गोठ्यात जाऊन पुढ्यात ठाण मांडायच्या, आणि शिंगाचं वळण, कानाची फाट, वशिंडाचा कल सगळं मातीत उतरवायच्या. मग साचा. एका आव्यात बसतील तेवढ्याच जोड्या भाजायच्या, आवा उघडला की गिऱ्हाइकांच्या देखत साचा फोडायचा. पहिली जोडी बैलांच्या मालकाला मानाने पाठवायची आणि उरलेल्या विकायच्या, त्याही एका चुलीला एक. मग तुम्ही आमदाराचे मेहुणे असा नाहीतर जावई.

"साचा कशाला फोडता, मावशी? अजून शंभर जोड्या निघतील," असं कुणी म्हटलं, की त्या म्हणायच्या, "बैल काय दोनदा जन्मतो व्हय?"

या उत्तरावर हसणाऱ्यांत धम्मपाल सर दरसाल पहिले असत. धम्मपाल अंबडच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. घर बौद्ध, त्यामुळे पोळ्याची पूजाअर्चा नाही. पण बैठकीतलं काचेचं कपाट दुर्गाबाईंच्या जोड्यांनी भरलेलं. शेजारी चिडवायचे, "सर, पोळा करत न्हाई अन बैल पाळता?" बायको प्रीती म्हणायची, "पाळतात कुठं? धूळ मी पुसते." आणि त्याचे वडील वसंता, ज्यांची उमर खऱ्या बैलांमागे गेली होती, ते बाजेवर सुपारी कातरत एकच वाक्य बोलायचे, "आता बैल कपाटात अन ट्रॅक्टर शेतात. चालू द्या."

हौस म्हणावी तर धम्मपालची हौस शिस्तीची होती. खराब नग घ्यायचा नाही, हा पहिला नियम. नखाने टिचकी मारायची. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत तडा आहे समजायचं. मग उन्हाकडे धरून शिंग, शेपूट, खूर तपासायचे. कपचा उडालेला एक नग घरात आला, की बाकी सगळी दावण सोडून डोळा तिथेच जाऊन बसतो, असं त्याचं म्हणणं. खोटं नव्हतं ते.

कपाटात सगळी सालं होती, एक सोडून. पहिलं साल नव्हतं. तेव्हा त्याला नोकरी नव्हती आणि मातीच्या बैलाला पैसे घालायचे दिवस नव्हते. पण नेमकी तीच जोडी त्याला सगळ्यांत जास्त हवी होती. कारण दुर्गाबाईंनी पहिल्या साली केली ती सर्जेरावांची जोडी, लाख्या आणि कैऱ्या. आणि वसंता त्याच सर्जेरावांकडे सालगडी होते. लाख्या-कैऱ्याला वासरं असल्यापासून त्यांनीच वळण लावलं होतं. त्या बैलांना धम्मपालने मात्र कधी धड पाहिलंही नव्हतं. "शेताची वाट धरायची न्हाई, पुस्तकाची धर," असं म्हणून बापाने त्याला पाचवीतच वसतिगृहात टाकलं आणि सुट्टीतही मालकाच्या गोठ्याकडे फिरकू दिलं नाही. लाख्या त्याने पाहिला तो मोबाइलवर. बैल जमवणाऱ्यांचा एक ग्रुप होता. त्यावर कुणीतरी पहिल्या सालच्या जोडीचा फोटो टाकला होता. ताठ मान, दोन्ही शिंगं चंद्रकोरीसारखी. तो फोटो त्याने जपून ठेवला होता. अशी जोडी मिळवायची आणि बाबांच्या हातात द्यायची, एवढं त्याच्या मनात होतं.

या साली दुर्गाबाईंनी निरोप धाडला, "हे शेवटचं. हात थरथरून राह्यले, अन गावात काढण्यासारखी जोडीबी ही एकच उरली." धम्मपाल खांदेमळणीला सकाळीच स्कूटर काढायला लागला, तर बाबा चपला घालून दारात उभे.

"मीबी येतो. खांदेमळण हाय."

अंबडला राहायला आल्यापासून ते वडीगोद्रीला गेले नव्हते. धम्मपालला बरं वाटलं. त्याने त्यांना मागे बसवलं.

आव्यावर ही गर्दी. दुर्गाबाईंनी वसंतांना पाहिलं आणि हातातलं काम टाकून त्या पुढे आल्या. "वसंतादादा! गाव इसरला म्हणलं." त्यांना छपरातल्या बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. धम्मपाल तोवर रांगेत पुढे सरकला होता. या सालची जोडी बघून त्याचं भानच गेलं. ठेंगणी, रुंद छातीची, एकाने मान जराशी वळवलेली, जशी हाक ऐकल्यावर वळवतात तशी. टिचकी मारली तर घंटेसारखा आवाज.

तेवढ्यात दुर्गाबाईंनी हाक मारली. त्यांनी फळीच्या मागून फडक्यात गुंडाळलेली एक जुनी जोडी काढून वसंतांच्या पुढ्यात ठेवली होती. "सर, हिकडं या. पहिल्या सालची हाय. आवरून राह्यले, तर काढली."

धम्मपाल धावतच गेला. उजव्या अंगाचा तो लाख्या. त्याने बैल उचलला, फिरवला, आणि त्याचा चेहरा उतरला. डावं शिंग नव्हतं. बुडापासून नखभर सोडून सरळ तुटलेलं.

"अरेरे," तो म्हणाला. "शिंगच गेलंय हो."

दुर्गाबाई काही बोलणार होत्या. वसंतांनी बसल्या जागेवरून हात जरासा हलवला आणि त्या गप्प बसल्या. धम्मपालने तो हात पाहिला. त्याला वाटलं, बाबाही नको म्हणताहेत.

आता पेच पडला. एका चुलीला एक जोडी. ही घ्यावी तर शेवटचं साल हातचं जाणार, आणि साचा तर फुटलेला. ती घ्यावी तर पहिलं साल राहणार; पण पहिल्या सालची चांगली जोडी कुठल्या ना कुठल्या घरात आहे, फोटोच आहे तिचा, आज ना उद्या सापडेल. शिवाय बाबांच्या हातात द्यायची ती फुटकी द्यायची? त्याच्या मागे जालन्याचे बियाण्यांचे व्यापारी राधेश्याम शेठ टाचा उंचावून उभे होते, सर सोडतील ते उचलायला.

"बाबा, कोणती घेऊ?" त्याने विचारलं.

वसंतांचा अंगठा लाख्याच्या खांद्यावर होता, जिथे जू बसतं तिथे. "तुला पाह्यजे ती घे," ते म्हणाले.

"ही तुमच्या हातची जोडी, मला माहीत आहे. पण तुटकी कशाला? धडधाकट मिळाली की तीच आणू."

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी अंगठा काढून घेतला.

बाप 'बरं' म्हणतो तेव्हा ते खरंच बरं असतं की नाही, हे तपासायला कुठली टिचकी असती तर किती बरं झालं असतं. धम्मपालने नवी जोडी घेतली.

दोघं परत निघाले. बाजूला कपाशी फुलोऱ्यात होती. अंबड जवळ आलं तेव्हा बाबा मागून म्हणाले, "दुर्गाबाईचा हात मोठा. लाख्याचं शिंग बराबर काढलं."

"काढलं म्हणजे? तुटलंय ते."

"तुटल्यालंच होतं की त्याचं. हाय तसं काढलं तिनं."

धम्मपालने स्कूटर कडेला घेतली. "अहो, पण फोटोत तर दोन्ही शिंगं आहेत!"

"फोटोचं मला काय म्हाईत? लाख्याला म्या पाह्यलाय."

"मग तिथं बोलला का नाही?"

बाबांनी जरा विचार केला. "तू म्हणला खराब हाय. अन तुला नवी आवडली व्हती. तुझी हौस, तू कमवतो." ते हे रागाने बोलले असते तर सोपं गेलं असतं. सालगड्याला वस्तू निवडायची सवय नसते. कुठला बैल, कुठलं रान, कुठला दिवस, सगळं मालक ठरवतो. आणि आज धम्मपालने त्यांना विचारलं ते उत्तर स्वतःच्या खिशात ठेवून. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी स्वच्छ लाज.

तो तसाच मागे फिरला. आव्यावर गर्दी ओसरली होती आणि दुर्गाबाई फुटक्या साच्याची खापरं गोळा करत होत्या.

"गेली, सर. जालन्याच्या शेठनं नेली. म्या सांगणारच व्हते, तर दादानं हात केला." मग वसंतांकडे बघत त्या म्हणाल्या, "त्या साली पहिली जोडी म्या आधी एकटीच भाजून सर्जेरावाला मानानं धाडली व्हती. त्यांनी परत लावून दिली. म्हणले, मालकाला फुटकी जोडी देती काय? मंग बाकीच्या कच्च्या व्हत्या, त्यांना म्या अख्खं शिंग लावलं. इकायचं व्हतं न्हवं? खरा लाख्या तेवढा एकच राह्यला, फळीमागं."

म्हणजे ग्रुपवर ज्या फोटोला लोक माना डोलवायचे, तो लाख्या नव्हताच. फोटोतला बैल देखणा होता, एवढंच.

रविवारी धम्मपाल नवी जोडी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून जालन्याला गेला. राधेश्याम शेठ दिलदार माणूस. चहा, फरसाण, आणि मग दिवे लावलेलं कपाट. "मास्तरजी, तुम्ही सोडलेला माल बघा आता काय झालाय! मूर्ती रंगवणारा एक कारागीर आहे आपला. ग्रुपवरचा फोटो दाखवला, त्याने शिंग बसवून दिलं. आता सांगा, जुनं कोणतं अन नवं कोणतं?"

धम्मपाल बघतच राहिला. काम इतकं बेमालूम होतं, की त्यालाही सांगता आलं नाही. आठवडाभरापूर्वी तो या नगासाठी दोन जोड्या द्यायला तयार झाला असता. आता त्याने त्या शिंगाकडे पाहणं टाळलं आणि खोकं पुढे सरकवलं.

"शेठ, मला ही पाहिजे. बदल्यात या सालची घ्या."

राधेश्याम शेठनी खोकं उघडून पाहिलं. मान वळवलेला बैल बघून त्यांचे डोळे चमकले, पण व्यापारी असले तरी फसवणारे नव्हते ते. "नुकसान तुमचं आहे, बरं का. शेवटच्या सालचा अस्सल नग देऊन दुरुस्त केलेला घेताय. लोक ग्रुपवर हसतील."

"हसू द्या."

"काहीतरी आहे. तुम्ही सांगत नाही."

धम्मपालने सांगितलं. "हे बैल माझ्या वडिलांनी वागवलेत."

"अच्छा! मालक होते ते?"

"नाही. सालगडी होते."

नोकराला हाक न मारता शेठनी स्वतःच रद्दी काढली आणि दोन्ही बैल एकेक करून गुंडाळले. नवं शिंग दुखावू नये म्हणून तिथे कापूस लावला.

घरी आला तेव्हा बाबा बाजेवर होते. प्रीतीने स्टूल पुढे ओढलं आणि धम्मपालने जोडी त्यावर ठेवली. बाबांनी आधी बैलांच्या जागा बदलल्या. लाख्या उजवीकडे, कैऱ्या डावीकडे, जसे जुवाखाली चालायचे तसे. मग त्यांचा हात लाख्याच्या डोक्यावरून फिरला आणि शिंगाशी थांबला.

"हे कुणी केलं?"

"शेठनी बसवून घेतलं. मी आणायच्या आधीच." धम्मपालला वाटलं, शिक्षा आपल्यालाच व्हायला पाहिजे.

बाबांनी उशीखालची चंची काढली. चंचीतून अडकित्ता. लाख्याला त्यांनी मांडीवर घेतलं, डाव्या हाताने त्याचं तोंड धरलं, जसं औषध पाजताना धरतात, आणि अडकित्त्याच्या पात्यात शिंग धरून दाबलं. कट्ट आवाज झाला. कपचा उडाला तर ज्याचा जीव वर-खाली व्हायचा, तो धम्मपाल बघत उभा राहिला आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं.

"आता झाला लाख्या," बाबा म्हणाले. बुडख्यावरची भुकटी त्यांनी फुंकरीने उडवली आणि मग आपणहून बोलायला लागले, जे ते सहसा करत नसत. "गोठ्याच्या चौकटीत अडकून मोडलं ते. ऐन जवानीत व्हता. रगत थांबंना. मालक म्हणले, बाजारात काढू, शिंगमोडका बैल दारात शोभत न्हाई. म्या म्हणलं, मला थोडे दिस द्या. हळद भरली, तेल सोडलं, गोठ्यातच निजत व्हतो. तेव्हाच तुझं ते बक्षिसाचं पत्र आलं."

धम्मपालला पत्र आठवलं. नववीत असताना विज्ञानात तो पहिला आला होता. बक्षीस समारंभाला सगळ्यांचे बाप आले, कुणाचे नवा सदरा घालून, कुणाचे उधारीच्या चपलांत. त्याचा आला नाही. नंतर विचारलं तर "काम व्हतं" एवढंच. ते 'काम व्हतं' त्याने आजवर गिळलं नव्हतं. मास्तर झाला, लग्न झालं, बापाला घरी आणलं, तरी घशात ते अडकलेलंच होतं.

"निघालोच व्हतो," बाबा म्हणाले. "धोतर धुऊन वाळत टाकलं व्हतं. पण म्या गेलो अन इकडं मालकानं बाजार दाखवला तर? परत यीन तवा दावण मोकळी." त्यांनी लाख्याला स्टुलावर ठेवलं. "तुला मास्तर व्हते, दोस्त व्हते. तू चांगल्या जागी व्हता. त्याला माझ्याबिगर कोण व्हतं?"

धम्मपाल खाली बसला. इतकी वर्षं तो एका बैलाचा मत्सर करत आला होता, हे त्याला आत्ता कळलं. आणि तो बैल समोर उभा होता, एका शिंगाचा, वीतभर उंचीचा. त्याच्यावर काय रागावणार? त्याचे डोळे भरून आले. प्रीतीने त्याच्याकडे पाहिलं आणि चहा टाकायच्या निमित्ताने ती आत गेली.

थोड्या वेळाने त्याने कपाटाचं दार सरकवलं. पहिल्या सालची जागा त्याने इतकी वर्षं मोकळी ठेवली होती.

"आत नगं," बाबा म्हणाले. "लाख्याला कोंडल्यालं चालत न्हवतं."

मग जोडी बाबांच्या बाजेशी, खिडकीत राहिली. अडकित्त्याने निघालेला शिंगाचा तुकडा बाबांनी कागदात बांधून धम्मपालकडे दिला. "हे शेठला पोचतं कर. त्यांचं हाय." धम्मपालने तो खरंच पोचता केला, आणि राधेश्याम शेठनी तो काय म्हणून ठेवला असेल ते तेच जाणोत.

काचेच्या कपाटात आता दोन जागा रिकाम्या आहेत, पहिली आणि शेवटची. अधूनमधून कुणी बैल जमवणारा घरी येतो, रांगेवर नजर फिरवतो, आणि हळहळून म्हणतो, "सर, पहिल्या सालची नाही मिळाली वाटतं?"

"निघाली की," धम्मपाल सांगतो आणि बाजेकडे बोट करतो. "पण पहिली जोडी मालकाची असते. ते काय, मालक तिथं बसलेत."

बाजेवर सुपारी कातरणारा म्हातारा यावर मान वर करत नाही. अडकित्ता मात्र क्षणभर थांबतो.